मावशीने तपासलेला गेम

माझी मावशी खेळण्यांच्या कारखान्यात तीस वर्षं तपासनीस होती. काम काय, तर खेळणी मोडायची! अस्वलाचे डोळे उपटायचे, गाडीची चाकं दातांनी ओढायची, बाहुली टेबलावरून दहादा आपटायची. "पोर सगळ्यात वाईट काय करेल, ते आधी आपण करून बघायचं," असं ती सांगायची.

म्हणूनच मी तिला बोलावलं. माझ्या दहा वर्षांच्या लेकीला एका गेमने पार वेड लावलं होतं. त्यात आपण कोणीतरी व्हायचं, गावोगाव हिंडायचं, लोकांची कामं करायची आणि लढायचं. परवा दाराआडून ऐकलं, "याला मारलं की तलवार आपली!" पोर दगडाच्या काळजाची झाली तर? नवरा म्हणतो, "डब्यावर लिहिलंय ना, दहा वर्षांपुढे." झालं! डब्याने सांगितलं की यांचं समाधान.

"तसली लेबलं मी हजारांनी चिकटवलीयत," मावशी म्हणाली. "गेम लाव."

लेक शाळेत होती. मावशीने चष्मा पुसला आणि मांडी ठोकून आपल्या पद्धतीने तपासणी सुरू केली. गेममधल्या गावात शिरल्या शिरल्या लोहाराला बडवलं. दुकानातून पाव चोरले. एका म्हातारीची शेळी पळवली.

"बघ, सगळं करू देतो मेला!" मी चिडले. "आजच काढून टाकते."

"थांब गं. पुढे काय होतं ते बघू दे."

पुढे गावाने धडाधड दारं लावून घेतली. मावशीशी कोणी बोलेना.

तेवढ्यात लेक आली, तिने स्क्रीन पाहिला आणि भोकाडच पसरलं. मावशी तिच्याच खात्यात खेळत होती आणि गेमने सगळं आपोआप जतन केलं होतं. सहा महिन्यांची मेहनत पाण्यात! मावशीचं तोंड एवढंसं झालं. तीस वर्षांत मोडलेलं एकही खेळणं कुणाचं नव्हतं. हे मात्र कुणाचं तरी होतं.

"रडू नकोस, तलवार तर आहे ना अजून," मी म्हणाले.

"तलवारीचं काय घेऊन बसलीस, आई! लोहारकाका माझ्याशी बोलत नाहीयेत!"

डोळे पुसत ती बसली. लाडकी तलवार लोहाराच्या उंबऱ्यावर ठेवली. शेळी शोधून म्हातारीच्या अंगणात बांधली. मग लोहारासाठी कोळशाची पोती वाहायला लागली. दार उघडेना, तरी हिच्या खेपा चालूच.

माझा जीव भांड्यात पडला. इतके दिवस उगाच धसका घेतला होता मी. हसू येत होतं आणि डोळेही भरून येत होते.

मावशी हळूच तिच्याजवळ सरकली. "मीही मागू का गं लोहाराची माफी?"

"आधी माझी माग," लेक म्हणाली.

मावशीने मागितली. मग दोघी मिळून कोळसा वाहायला लागल्या.