कमरेपासून गुडघ्यापर्यंत

सुरतेत आमच्या गोडादरा भागातल्या गल्लीत धागा विकत आणणं म्हणजे वेडेपणा. घरोघरचा पुरुष लूमवर, म्हणजे कापडाच्या मागावर, त्यामुळे रिळाच्या कोनावर उरलेला धागा फुकट घरी यायचा. त्याची आम्ही तोरणं विणायचो, टीव्हीवर टाकायचे रुमाल विणायचो. चौथीत माझी शाळा सुटली आणि क्रोशाची सुई हातात आली. गल्लीतल्या निम्म्या पोरांच्या डोक्यावर माझी टोपडी बसून गेली आहेत.

नव्वद साल उलटून गेलं होतं. मुलगी कॉलेजात जायला लागली होती. एक दिवस तिने मासिकातलं चित्र आणून दाखवलं. बिनबाह्यांचा, जाळीजाळीचा टॉप. उन्हाळ्याची फॅशन म्हणे. मी म्हटलं, हा तर टेबलावरचा रुमाल बाईला गुंडाळलाय. पण वर्गातल्या एका गुजराती मुलीचा वाढदिवस होता, मोठ्या बिल्डिंगच्या गच्चीवर, आणि हिला तसाच टॉप घालून जायचं होतं.

मी एकच अट घातली. "कोणी विचारलं तर मायने विणला म्हणून सांगायचं."

टोपड्यांच्या पुढचं माझं काम गल्लीबाहेर कोणी पाहिलंच नव्हतं. ते पाहावं असं मला वाटत होतं, खोटं कशाला बोलू. ती हो म्हणाली.

घरात मोतिया रंगाचा चकचकीत धागा पडला होता. त्याचे चार पदर एकत्र करून आठ दिवसांत टॉप विणला. आत घालायला पांढरी बनियन शिवली. नव्या कपड्याला लावतात तसं एका कोपऱ्याला हळदीकुंकवाचं बोट लावलं. पोरगी कुरकुरली, मी ऐकलं नाही. टॉप कमरेला बरोबर बसला.

संध्याकाळी परत आली तेव्हा तो गुडघ्यापर्यंत आला होता.

गच्चीवर उकडत होतं म्हणून पोरींनी नळी लावून एकमेकींना भिजवलं होतं. टॉप भिजला आणि खाली उतरायला लागला. केक कापेपर्यंत त्याचा फ्रॉक झाला. सगळ्या हसून लोळल्या.

आमचे हे जेवता जेवता म्हणाले, व्हिस्कोस आहे तो, भिजला की ढिला पडतो, लूमवर कोणालाही विचार. मी म्हटलं, मग आठ दिवस तोंडात गुळणी धरली होती का? तर म्हणाले, मला वाटलं पडदा विणतेयस.

दुसऱ्या दिवशी ती वाढदिवसवाली मुलगी हिची विसरलेली पर्स द्यायला आली. मला म्हणाली, "मासी, त्या स्टेशनजवळच्या दुकानातून पुन्हा काही घेऊ नका. त्याने साफ फसवलं तुम्हाला."

मी पोरीकडे बघितलं. पोरगी पंख्याकडे बघत होती.

"चोर आहे मेला," मी म्हटलं आणि चहा टाकला.

मैत्रीण गेल्यावर पोरीला धरलं. अट काय ठरली होती?

"सांगणारच होते माय. तेवढ्यात तो वाढायला लागला. मग तुझं नाव घेऊन हसल्या असत्या."

 

मग जन्मात पहिल्यांदा मी धागा विकत आणला. सुती. गल्लीतल्या बायांनी नावं ठेवली, ठेवू दिली. टॉप विणला, बादलीत बुडवला, दोरीवर वाळवला. कमरेचा कमरेलाच राहिला. पोरगी तो घालून कॉलेजात गेली आणि या वेळी तिने सांगितलं. आठवड्याच्या आत तीन मुली माप द्यायला दारात. त्यात वाढदिवसवालीही होती. पहिल्या टॉपचा मी तोवर मोरीला पडदा केला होता. तो तिला दिसू नये म्हणून दारातच उभी राहिले.

माप देताना ती म्हणाली, बरं झालं मासी, तुम्हीच विणायला घेतलं, नाहीतर तो दुकानदार...

मी म्हटलं, त्याचं नावच काढू नकोस. हात वर कर.