पोस्ट गेली की कमेंट जाते

ऑफिसातले किस्से कोणी मुद्दाम जमवत नाही. टेबलाच्या खणात सॉसच्या पुड्या साठतात, तसे ते साठतात. एक दिवस खण उघडला की कळतं, अरे बापरे, एवढे!

माझा खण भरला तो निरोपांनी. हिंजवडीतल्या आमच्या कंपनीत नोकरी सोडणाऱ्याला केक मिळतो आणि दहा मिनिटांत विषय संपतो. पण 'ती' साईट सोडतो म्हणणाऱ्याचं प्रकरण महिनोन्‌महिने चालतं. साईटचं नाव सांगत नाही, तुमचंही खातं तिथेच असणार. प्रश्न सगळ्यांचा एकच: जाताना जुन्या पोस्ट डिलीट करायच्या की तशाच ठेवायच्या? आणि तो सगळे मलाच विचारतात, कारण मी अठरा वर्षं टेस्टिंगमध्ये आहे. कुठलं बटण दाबलं की काय बिघडतं, हे मला पाठ असणार असा समज आहे. खरं सांगू? मला कंटाळा आलाय.

*

सुरुवात गोखले मॅडमनी केली. त्या आमच्याकडे डॉक्युमेंटेशन बघतात आणि जास्तीचा एक शब्द खर्च करत नाहीत. एका सोमवारी त्यांनी पोस्ट टाकली, "मी उद्यापासून इथे नसेन. कारण विचारू नये."

लोकांनी अर्थातच कारण विचारलं. शिवाय "मिस करू", "पुनर्विचार करा" वगैरे. मॅडम प्रत्येकाला उत्तर देत बसल्या. चार महिने झाले, उत्तरं सुरूच!

मी म्हटलं, "मॅडम, तुम्ही गेला होतात ना?"

"दारापर्यंत गेले होते," त्या म्हणाल्या. "लोक निरोप द्यायला आले, तर त्यांना टाळून जाऊ का?"

*

कांबळे सर आमचे डिलिव्हरी मॅनेजर. एके काळी ते रोज सकाळी साईटवर एक विचार टाकायचे. लीडरशिप, टाइम मॅनेजमेंट, असलं काहीतरी. आम्ही अप्रेझलच्या धाकाने लाइक करायचो.

त्यांच्या मिसेस, सुनंदावहिनी, महापालिकेच्या शाळेत शिक्षिका. त्यांनी स्वतःची पोस्ट कधी टाकली नाही. सर मीटिंगमध्ये फोन उचलत नाहीत पण साईट बघतात, हे त्यांनी ओळखलं होतं. मग त्या सगळे निरोप सरांच्या पोस्टखालीच टाकायच्या.

सरांनी लिहिलं, "लीडरशिप म्हणजे आधी ऐकून घेणं."

खाली वहिनी, "अहो, मग फोन उचला."

टाइम मॅनेजमेंटच्या लांबलचक पोस्टखाली वहिनी, "अहो, येताना मंडईतून कोथिंबीर आणा. काल विसरलात." त्याला अमेरिकेतल्या क्लायंटनेही लाइक दिलं होतं! त्याला वाटलं असेल, भारतीय तत्त्वज्ञान आहे. आम्ही सगळ्यांनी खाली "हाहाहा" लिहिलं. सर आठवडाभर कॅन्टीनमध्ये आले नाहीत.

वहिनी दोन वर्षांपूर्वी गेल्या. डेंग्यू झाला, आठ दिवसांत सगळं संपलं. तेव्हापासून सरांनी काही लिहिलं नाही. पण साईट रोज सकाळी त्यांना न विचारता जुनी पोस्ट दाखवते, 'सात वर्षांपूर्वी आजच्या दिवशी', आणि खाली वहिनी.

या जानेवारीत सर माझ्या टेबलाशी आले. "मला सोडायचंय ते सगळं. रोज सकाळी सहन होत नाही. फक्त एक सांगा, मी माझी पोस्ट डिलीट केली तर खालची कमेंट राहते का?"

मी म्हटलं, "टेस्ट करून सांगते, सर." मला वाईट वाटलं होतं, पण माझ्या तोंडून एवढंच निघालं.

*

मधल्या काळात निखिलचं लग्न ठरत होतं. निखिल आमच्या टीममधला ऑटोमेशनवाला. त्याने स्क्रिप्ट लिहून अकरा वर्षांच्या पोस्ट एका दुपारी उडवल्या. "मॅम, एकदम क्लीन स्लेट!"

मुलीच्या वडिलांनी प्रोफाइल बघितलं आणि फोन केला, "तीस वर्षांच्या मुलाचा एकही जुना फोटो नाही? आमच्याकडे याला लपवाछपवी म्हणतात."

निखिल घाबरला. साईटवर मागची तारीख घालून पोस्ट टाकता येते. त्याने बसून नवा भूतकाळ तयार केला. सहली, गणपती, आईचा वाढदिवस. मुलीने सगळं शांतपणे वाचलं आणि एकच मेसेज पाठवला, "दहा वर्षांपूर्वीच्या फोटोत तुमच्या मागे पुण्याची मेट्रो कुठून आली?"

लग्न झालं, काळजी नको. मी निखिलला सांगितलंय, तिचा बायोडेटा आण, टीममध्ये एक जागा रिकामी आहे.

*

त्याच सुमारास मीही माझ्या पोस्ट उडवायला बसले. म्हटलं, आधी वाचून घेऊ. लग्नाच्या पहिल्या वर्षी, "आज फार दमले." पुढच्या वर्षी, "दमले बाई." मग मुलगी झाली, "दमले, पण आनंदात." मग नुसतंच, "दमले."

नवऱ्याला दाखवलं. तो म्हणाला, "काढू नकोस. मला वाटायचं, हे लग्नाच्या आधीपासूनचं आहे. तारखा असलेल्या बऱ्या."

*

सरांची टेस्ट मी दोन डमी खाती उघडून केली. तीनदा केली, कारण निकाल मला आवडला नव्हता. पोस्ट गेली की कमेंट जाते. खातं गेलं की सगळंच जातं.

निखिल म्हणाला, "सर, सिंपल आहे. स्क्रीनशॉट काढतो, एक्सेलमध्ये लावून देतो. डेटवाइज!"

"एक्सेल मी आयुष्यभर बघितलंय, निखिल," सर म्हणाले.

मग मीच सुचवलं. पोस्ट डिलीट करू नका, फक्त एडिट करा. तुमचा मजकूर पुसून एक टिंब टाका, खालचं जसंच्या तसं राहील.

"बरोबर आहे. माझ्यात ठेवण्यासारखं काही नव्हतंच," ते म्हणाले. पुढचे दोन महिने रोज डबा खाऊन झाला की ते तेवढंच करायचे. लीडरशिप गेली, टाइम मॅनेजमेंट गेलं. आता त्यांचं पान उघडलं की वर एक टिंब आणि खाली, "अहो, विहारातल्या मीटिंगला खुर्च्या कमी पडतायत, सहाला या." टिंब. "अहो, मग फोन उचला." टिंब.

मी विचारलं, "सर, मग आता खातं बंद करायचं का?" ते बघू म्हणाले.

गुरुवारी सरांनी कधी नव्हे ती साडेपाचची बस पकडली. सरांचं घर मंडईपासून चालत दहा मिनिटांवर. सात वाजता आमच्या सगळ्यांचे फोन एकदम वाजले. त्या जुन्या पोस्टखाली आम्ही कधीकाळी "हाहाहा" लिहिलं होतं ना, म्हणून आम्हाला नोटिफिकेशन आलं.

वर टिंब. खाली सुनंदावहिनी, "अहो, येताना मंडईतून कोथिंबीर आणा. काल विसरलात."

त्याखाली सर, "आणली."