तारखेच्या रकान्यातली खूण

मंदीच्या दुसऱ्या वर्षी आमच्या कंपनीकडे अल ऐनमधल्या एका शाळेच्या वायरलेस जाळ्याचं काम आलं. दुबईतला एक टॉवर अर्ध्यावर थांबल्याने त्याचं सामान शारजाच्या गोदामात उन्हाळाभर पडून होतं. तेच इथे बसवायचं होतं. माणसं दोनच उरली होती: मी, आणि केबलिंग करणारे रत्नागिरीचे एक वयस्क गृहस्थ, ज्यांना मी भाई म्हणे.

मॅनेजरांनी फोनवर बजावलं, "गुरुवारी शाळेची सही हवी. यल्ला, चला लवकर! पुढच्या महिन्यापासून एकालाच ठेवता येईल, तेव्हा उशीर कुणामुळे होतोय ते लेखी कळवा."

छतावरचा ॲक्सेस पॉइंट, म्हणजे वायफाय पुरवणारी डबी, सुरू झाला की आधी आपला कंट्रोलर, म्हणजे सगळ्या पॉइंटांना चालवणारं यंत्र, शोधतो. तो आपल्या जाळ्यात हाक मारतो, नेटवर्कचे पत्ते वाटणाऱ्या सर्व्हरला विचारतो, एका ठरलेल्या नावाचीही चौकशी करतो. कंट्रोलर सापडला की दोघं एकमेकांची ओळखीची डिजिटल प्रमाणपत्रं तपासतात आणि ती ग्राह्य ठरली तरच जोडणी होते. या साऱ्या पायऱ्यांची यादी मी केली होती आणि प्रत्येकीपुढे बरोबरची खूण होती. तरीही छत्तीसच्या छत्तीस पॉइंट कंट्रोलरपर्यंत पोहोचत, माघारी फिरत आणि पुन्हा पहिल्यापासून हाका मारू लागत. तीन दिवस! यादी निर्दोष होती, तेव्हा दोष तारांचाच असणार, असा मी निष्कर्ष काढला आणि मंगळवारी मॅनेजरांना तसा मेलही केला.

"तिसऱ्यांदा टोकं कापतोय, सर," भाई शिडीवरून म्हणाले. "आता वायर संपेल आणि पक्कड तेवढी उरेल."

"यादीत दुसरं काही शिल्लक नाही, भाई."

बुधवारी दुपारी ते पाणी प्यायला उतरले आणि माझ्या मागे उभे राहून लॅपटॉपवरची कंट्रोलरची नोंद वाचू लागले. "सर, ही तारीख आजची आहे?"

"तारीख शारजातच लावली आहे. ही पाहा यादीतली खूण."

"खूण असेल. पण या तारखेला माझी धाकटी जन्मलीसुद्धा नव्हती."

गोदामातल्या उष्म्याने कंट्रोलरच्या आतली बॅटरी संपली होती. शारजात प्लग काढताक्षणी त्याचं घड्याळ कित्येक वर्षं मागे गेलं होतं, आणि प्रत्येक प्रमाणपत्र त्याला अजून लागू न झालेलं दिसत होतं. तपासलेलं गणित पुन्हा तपासू नये, ही शिस्त मला लहानपणी माझ्या शाळेने लावली होती. त्या शिस्तीचा इतका संताप मला कधी आला नव्हता. तारीख बदलली आणि पंधरा मिनिटांत छत्तीसही पॉइंट जोडले गेले.

गुरुवारी सही झाल्यावर मॅनेजरांचा फोन आला. "म्हणजे उशीर केबलिंगमुळेच ना? तुमच्या मेलमध्ये आहेच. खलास."

भाई समोरच उरलेली वायर गुंडाळत होते. त्यांनी वर पाहिलं नाही.

"नाही," मी म्हणालो. "दुसरा मेल पाठवतो." त्यात तीनच वाक्यं लिहिली: केबलिंग निर्दोष आहे. कंट्रोलरची तारीख मी जागेवर पुन्हा पाहिली नाही. मंगळवारचा मेल चुकीचा आहे.

भाई राहिले. माझा व्हिसा रद्द झाला. घरी सामान बांधताना माझा मुलगा रडवेला होऊन म्हणाला, "बट बाबा, यू फिक्स्ड इट!"

"मी नाही," मी म्हणालो आणि त्याची पुस्तकं खोक्यात भरू लागलो.