केवायसीला गेलेल्या तिघी

पेन्शनचे कागद सांभाळायला डबा लागतो, किस्से आपोआप साठतात. आमच्या गंजाडच्या पाड्यातून सुकरी, देवली आणि मी, तिघी विधवा, दरवर्षी आपण जिवंत आहोत हे दाखवायला डहाणूच्या सेंटरवर जातो. नाही गेलो तर पेन्शन बंद. मी शाळेत गेले नाही. दुकानांच्या पाट्या बघून अक्षरं शिकले, म्हणून तिघींचे फॉर्म मीच भरते. भांडतेही मीच.

सुकरीचा अंगठा मशीन घेईना. सेंटरवाली ताई म्हणाली, "आजी, बोटावर रेषाच राहिल्या नाहीत."

"चिकूच्या वाडीत राहिल्या," सुकरी म्हणाली. "जा, शेटकडून मागून आण."

मग देवलीचा फोटो. माणूस जिवंत आहे हे मोबाइलला पापणी हलली तरच कळतं.

"आजी, डोळे मिचकवा."

देवली ताठ बसली. "नवऱ्यासमोर कधी मिचकवले नाहीत, तुझ्या डबड्यासमोर मिचकवू?"

शेवटी नाकावर माशी बसली, तेव्हा ती जिवंत ठरली.

माझं पेन्शन मंजूर व्हायच्या आधी चौकशीला एक साहेब घरी आले होते.

"घरात कोण कोण?"

"मी आणि एक कोंबडी."

त्यांनी लिहिलं, एक. मग विचारलं, "मुलगा सांभाळतो का?"

मी तोंड उघडायच्या आत दारातून दोघी ओरडल्या, "नाही!"

लोकांच्या फॉर्मवर हे 'नाही' मी खटाखट लिहिते. माझ्या फॉर्मवर तेवढी जागा कोरी सोडली होती. साहेबांनी भरली.

यंदा माझाही अंगठा लागेना, फोटोही निघेना. ताई म्हणाली, "ओटीपी पाठवते." तो जातो वापीला, मुलाच्या मोबाइलवर. मुलगा तिथे कारखान्यात असतो. एरवी त्याचा फोन येत नाही, आणि आपणहून करणाऱ्यातली मी नाही.

या कामासाठी लावला. "आई, लिहून घे," म्हणत त्याने सहा आकडे सांगितले. मग म्हणाला, "जेवलीस का?" मी हो म्हणेपर्यंत मागून त्याला कोणीतरी हाक मारली आणि फोन कट झाला.

ताई म्हणाली, "आजी, आधारला तुमचाच नंबर जोडून घ्या. मग दरवर्षी मुलाला विचारायला नको."

"तू तुझं काम कर."

"बरं, सांगा आकडे. ओटीपीला अजून वेळ आहे."

सहाच्या सहा आकडे मला पाठ झाले होते.

मी म्हटलं, "दुसरा पाठव."