नंबर घातलेली भिंत

सासरे पुण्याहून फ्रँकफर्टला आले की त्यांना म्युझियम दाखवायचं काम माझ्याकडे येतं, कारण नवऱ्याला नेमकी त्याच दिवशी मीटिंग असते. यंदा इजिप्तच्या दक्षिणेकडच्या नुबियाच्या जुन्या वस्तूंचं प्रदर्शन होतं. मातीची भांडी, मण्यांच्या माळा, काजळाच्या डब्या. तासाभरात उरकेल असा माझा अंदाज. दहा वर्षांची लेक सोबत होती. तिला मराठी सगळं समजतं, पण उत्तर जर्मनमध्ये.

बाबा एका फोटोपुढे थांबले ते हलेचनात. नाईलवरच्या धरणात नुबिया बुडणार म्हणून तिथलं एक देऊळ कापून उंचावर नेत होते. पुन्हा जसंच्या तसं रचता यावं म्हणून दगडादगडावर नंबर घातले होते.

"आम्हीपण घातले होते नंबर," बाबा म्हणाले.

बाबा पाटबंधारे खात्यातून रिटायर झालेत. त्यांच्या धरणाच्या गोष्टी इतक्यांदा ऐकल्यात, की त्यांनी सुरुवात केली की मी आणि नवरा एकमेकांना डोळ्यांनी खुणावतो. ही मात्र मी कधीच ऐकली नव्हती.

नोकरीच्या पहिल्या वर्षी, बुडणाऱ्या गावातल्या घराघरावर भरपाईच्या मोजणीसाठी गेरूने नंबर घालायचं काम त्यांच्याकडे होतं. एका म्हातारीने विचारलं, "सायेब, आकडा कशाला? घर उचलून वर न्यायचं का?" ऊन रणरणत होतं, अर्धं गाव बाकी होतं. बाबा म्हणाले, "हो, आजी."

"महिन्याने परत गेलो, तर तिने भिंत पांढऱ्या मातीने पोतारलेली. नंबर तेवढा सोडून. पुसला जाऊ नये म्हणून." बाबा अजून फोटोकडेच बघत होते. "तेव्हाही मी काही बोललो नाही. चहा पिऊन निघालो."

मला माझीच लाज वाटली.

तेवढ्यात लेकीने जर्मनमध्ये काहीतरी विचारलं. बाबांना जर्मन येत नाही, म्हणून मी सांगितलं, "त्या आजीचं घर मग वर नेलं का, विचारतेय." आणि लेकीच्या नकळत डोळ्यांनी खुणावलं, हो म्हणून टाका. एवढंसं पोर, कशाला उगाच.

बाबांनी माझी खूण पाहिली. मग ते गुडघ्यावर हात टेकून तिच्यापुढे वाकले.

"नाही गं बाळा," ते म्हणाले. "मी तिला खोटं सांगितलं होतं."