रॉकेलची बाटली आणि माझं डोकं

दुष्काळाच्या वर्षी मी पारनेरच्या माळावर सरकारी रॉकेल सांडलं. गाव तेव्हा रॉकेलसाठी रांगा लावत होतं. त्यामुळे माझा आजार लोकांना नंतर कळला, सांडलवंड आधी.

जमिनीत पाणी कुठे मिळेल ते बघायला एक सर्व्हेवाले साहेब आले होते. मी शाळामास्तर, सुट्टीत रिकामा, म्हणून त्यांची काठी धरायला गेलो. काठीच्या टोकाला एक बाटली, तिच्यात रॉकेल, भोवती तारेचं वेटोळं. याला म्हणे प्रोटॉन मॅग्नेटोमीटर म्हणतात. वेटोळ्यातून क्षणभर वीज सोडून बंद केली की रॉकेलमधले अतिसूक्ष्म कण पृथ्वीच्या नाजूक चुंबकत्वात भोवऱ्यासारखे डुलतात. त्यांच्या डुलण्याच्या वेगावरून खालच्या खडकाचा, आणि खडकावरून पाण्याचा अंदाज बांधायचा.

जवळ लोखंड चालत नाही, म्हणून साहेबांनी माझ्या किल्ल्या आणि चष्मा काढून घेतला. मी ऐटीत निघालो आणि बाटली डावीकडच्या बाभळीवर फोडली.

मी अर्थातच चष्म्यावर ढकललं. साहेब म्हणाले, "गुरुजी, मघाशी मापाच्या खुंट्या रोवल्या तेव्हा चष्मा होता, तरी डावीकडची एकही तुम्हाला दिसली नाही. डोळे दाखवून घ्या."

डोकं तर दिवाळीपासून दुखत होतं. मी सुंठ उगाळून लावत होतो आणि पोरांच्या गोंगाटाला दोष देत होतो.

नगरच्या डॉक्टरांनी डोळ्यात उजेड टाकून बराच वेळ पाहिलं. पॅपिलीडिमा, म्हणाले. म्हणजे डोक्यातला दाब वाढून डोळ्यामागच्या नसेला आलेली सूज. दोन्ही डोळ्यांची डावी अर्धी नजर गेली होती. "मेंदूत मागे, उजव्या बाजूला गाठ असावी. पुण्याला न्या," हे ते माझ्याकडे न बघता माझ्या बायकोला, सरूला म्हणाले. तिने एवढंच विचारलं, "दिसंल का पुन्हा?" डॉक्टर चिठ्ठी लिहीत राहिले.

साध्या एक्स-रेत कवटी दिसते, मेंदू दिसत नाही. म्हणून पुण्यात व्हेंट्रिक्युलोग्राफी केली. कवटीला बारीक भोकं पाडायची, मेंदूतल्या पोकळ्यांत सुईने हवा भरायची आणि मग फोटो काढायचे. पोकळी जिथे दबलेली दिसेल, तिथे गाठ. भूल कातडीपुरती. हवा आत गेली तेव्हा मी, एरवी पोरांना रडू नका म्हणणारा, आईला हाका मारत होतो. माझ्या डोक्यात हवा आहे असं हेडमास्तर नेहमी म्हणत. आता फोटोच निघाला.

साहेब मोसंबी घेऊन भेटायला आले. मी म्हटलं, माझ्या डोक्यातही पाणीच आहे, तर ते तुमच्या वेटोळ्यात घातलं असतं तर ही भोकं टळली नसती का? मला वाटलं, हसतील. हसले नाहीत.

"शरीरातलं पाणीही तसंच डुलतं, गुरुजी. पण पृथ्वीचं चुंबकत्व फार दुबळं. त्या डुलण्याची कुजबुज इतकी बारीक की नीट ऐकूच येणार नाही. आली तरी पाणी आहे एवढंच कळेल, कुठे काय बिघडलंय ते नाही. परदेशात कुणी त्यावर खटपट करतंय म्हणे. होईल कधीतरी."

त्या 'कधीतरी'त माझा नंबर नव्हता.

ऑपरेशन करून गाठ काढली. साधी होती, कर्करोग नव्हता. सर्जन म्हणाले, "जीव वाचला. गेलेली नजर येईल असं मी सांगणार नाही. डोकं दुखायला लागलं तेव्हाच आला असतात, तर कदाचित."

नजर आली नाही. वाचताना ओळीचा पहिला शब्द हरवतो, म्हणून समासावर बोट ठेवतो. वर्गातली डावी रांग काय करते ते तिलाच ठाऊक. ज्यांनी मला वाचवलं त्यांचे उपकार आहेत, त्या बाभळीचेही. पण रात्रंदिवस डोकं दुखत असेल आणि एकाच बाजूला धडका बसत असतील, तर कृपा करून सुंठेवर भागवू नका.

परवा तपासणीहून एस्टीने परतताना मी हेच पुराण लावलं होतं. यंत्र निघायला हवं होतं, मी आधी जायला हवं होतं, माझं अर्धं जग गेलं. बोलता बोलता सरू दिसेना. घाबरून मान वळवली, तर ती डावीकडे, खिडकीशी, केव्हाची बसलेली.

"इतकी वर्सं मी याच अंगाला हुते," ती म्हणाली. "तवा तरी कुठं बगितलंत?"