ओळीतली झाडं

कुणी विचारलं, "तुम्ही आदिवासी का?" तर मी हो म्हणते आणि लगेच स्पष्टीकरण द्यायला लागते. वडील सुरगाण्याकडचे, कोकणा जमातीचे. पण ते तरुणपणीच फौजेत गेले, तोफखान्यात, आणि मी वाढले देवळाली कॅम्पात. आमची बोली मला कळते, बोलता येत नाही. नागलीची, म्हणजे नाचणीची, भाकरी आवडते, थापता येत नाही. आता नाशकात द्वारका चौकामागे फ्लॅट आहे, विम्याच्या कचेरीत नोकरी आहे, आणि बिल्डिंगमधल्या बायकांना वाटतं मी कोकणातली. सांगून सांगून दमले. कोकणातली तर कोकणातली.

तर अशा मला एका संस्थेनं गाठलं. पेठ तालुक्यातल्या एका गावात दहावी-बारावीच्या मुलामुलींना घेऊन गावठी झाडं लावायची, त्यांना जमिनीची गोडी लावायची, आणि त्यासाठी त्यांना 'समाजातलीच शिकलेली बाई' हवी होती. मी म्हटलं, अहो, मला स्वतःला मोह आणि बेहडा शेजारी उभे केले तर ओळखू येणार नाहीत. ते म्हणाले, झाडांची माहिती आम्ही देऊ, तुम्ही फक्त त्यांची ताई व्हा. हे काय काम झालं? पण मी हो म्हणाले. वडील जाऊन फार दिवस झाले नव्हते तेव्हा, आणि रविवार मला खायला उठायचे.

दर रविवारी पेठ रोडवर काळीपिवळी जीपमध्ये कोंबून घ्यायचं, फाट्यावर उतरायचं आणि चढण चढायची. मुलं माझ्याकडे बघून हसायची, कारण मी कॅनव्हासचे बूट घालून जायची आणि तरी घसरायची. त्यांच्यात एक मुलगी होती, बारावीची. ती हसायची नाही. माझ्या पुढे चालायची आणि घसरायची जागा आली की नुसती थांबायची. पिशव्यांत बिया टोचणं, रोपं सावलीला हलवणं, बकऱ्या हाकलणं, सगळ्यात ती पुढे. मी पहिल्याच दिवशी त्यांना दोन नियम सांगितले होते, अगदी मास्तरणीच्या आवाजात. एक, रोपाला कोयता लावायचा नाही. दोन, ज्यानं लावलं त्याचं झाड. त्यावर दुसऱ्या कुणाचा हक्क नाही. दुसरा नियम खरं तर वडिलांचा. ते म्हणायचे, आपल्याकडे जमीन कागदावर सरकारची असली तरी मोह ज्या त्या घरचा असतो, त्याखालची फुलं दुसरं कुणी वेचत नाही. त्यांच्या घरचाही एक मोह होता म्हणे. मला तो त्यांनी कधी दाखवला नाही.

रोपं मोठी झाली आणि लावायची कुठे हा प्रश्न आला. ती मुलगी म्हणाली, आमच्या वरल्या तुकड्यात लावू. डोंगराच्या पोटाला त्यांची जमीन होती, पिढ्यान्‌पिढ्या कसलेली. त्यातल्या खालच्या भागाचा वनपट्टा, म्हणजे वनहक्क कायद्याखालचा कागद, मिळाला होता, वरच्या तुकड्याचा दावा अजून अडकलेला होता. आईवडील त्या वर्षी दिंडोरीकडे एका द्राक्षबागेत वर्षभरासाठी राहायला गेलेले. घरी ती आणि डोळ्यानं अधू आजी. खालचं भात भावकीनं लावून दिलं, वरचा तुकडा तसाच पडला होता. तिनं बापाला फोनवर विचारलं, तो म्हणाला, लावा की. त्याला वाटलं, बांधावर इथंतिथं दोनचार लावतील, जसे सगळे लावतात.

आता सांगते मी काय केलं. मी कॅम्पातली मुलगी. आमच्याकडे झाड म्हणजे सरळ रेषेत उभं असलेलं झाड. रस्त्याच्या दोन्ही कडांना, बुंध्याशी दगड, दगडांना चुना. माझ्या डोळ्यांना तीच व्यवस्था, तेच सौंदर्य. मी सुतळी आणली, दोन टोकांना खुंट्या ठोकल्या आणि मुलांना म्हटलं, एका रेषेत खड्डे. ऐन, हिरडा, कुसुम, असाणा. प्रत्येक रोपाभोवती दगडांचं कडं आणि त्यावर चुना. मुलांनी इतकं मनापासून केलं की माझा ऊर भरून आला. खाली फाट्यावरून त्या पांढऱ्या ओळी दिसायच्या. मी मोबाईलवर फोटो काढून कचेरीत सगळ्यांना दाखवले.

एक मोह मीही लावला, वडिलांच्या नावानं. माझी स्वतःची जमीन कुठे आहे? म्हणून तिच्या तुकड्यात लावला. माझ्या खड्ड्यात कातळ लागला, मग ओळ सोडून पार कोपऱ्यात लावावा लागला. मला ते तेव्हा फार खटकलं होतं.

दिवाळीला बागेतल्या छाटणीमुळे तिच्या आईवडलांना सुटी मिळाली नाही. ती आणि बाकीची मुलं हंड्यानं पाणी वाहून रोपं जगवत राहिली. आईबाप आले ते शिमग्याला.

पुढचं मला तिनं सांगितलं. बाप फाट्यावर जीपमधून उतरला, वर पाहिलं आणि तिथंच रस्त्याच्या कडेला बसला. आईनं बोचकी खाली ठेवली. ही धावत सामोरी गेली होती, तर त्यानं हिला एवढंच विचारलं, "कधी आलते ते?"

"कोण?"

"ज्यांनी लावलं ते."

ओढ्यापलीकडच्या डोंगरावर फार वर्षांपूर्वी सरकारी लागवड झाली होती. त्या आधी तिथं याच गावाची नागली पिकायची. एक दिवस माणसं आली, सुतळ्या ताणल्या, ओळीत खड्डे खणले, रोपं लावली, आणि तिथं नांगर घालायचा नाही असं सांगून गेली. तेव्हापासून या गावात ओळीत उभं असलेलं झाड म्हणजे गेलेली जमीन. गावातल्या शेंबड्या पोराला हे ठाऊक, आणि सुतळी घेऊन कोण गेलं? मी!

मी रविवारी पोचले तेव्हा मला यातलं काही माहीत नव्हतं. हातात मिठाईचा पुडा, शिमग्याचा. बाप ओसरीवर बसला होता. माझ्यासाठी उठला, पाण्याचा तांब्या दिला. मग हळू म्हणाला, "ताई, झाडं लय चांगली आलीत. पर काढावी लागतील." पुढच्या आठवड्यात वरच्या तुकड्याच्या पाहणीला साहेब यायचे होते. तुकडा कसलेला दिसला तर दावा पुढे सरकणार. आणि साहेबांना दिसणार काय, तर यंदा नागली नाही आणि वर ओळीत झाडं.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. कुणावर, ते मला आजही नीट सांगता येणार नाही. मी म्हटलं, "मी बोलते साहेबांशी. मुलांनी लावलीत, तुमच्याच मुलीनं लावलीत, यात लपवायचं काय आहे?"

"तुमी बोलाल ताई. साहेब ऐकतील बी. पर तुमी गेल्यावर काय?"

"मग दगड काढून टाकू. दगडच दिसतात लांबून."

"जवळ उभं राह्यलं की ओळ दिसतीच." मग म्हणाला, "तुमी आमच्यातल्याच. तुमाला कळाया पायजे होतं."

रागावून बोलला असता तर मी दुप्पट आवाजात बोलले असते, मला ते जमतं. पण तो खरंच बुचकळ्यात पडला होता. त्याला वाटत होतं आपल्यातल्या बाईनं असं का केलं, आणि मला वाटत होतं, ज्यांच्यातली मी आहे ते मला हे आधी का सांगत नाहीत. मी मुलीकडे वळले. "तू तरी सांगायचंस ना मला! तुला माहीत होतं ना ओढ्यापलीकडचं?"

"मला वाटलं, तुम्हाला माहीत आसंल," ती म्हणाली. "वाटलं, आता ओळीत लावलं तरी चालतंय. तुम्ही शिकलेल्या."

घ्या. ती माझ्यावर विसंबली, मी तिच्यावर. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत. झाडं ठेवली तर मुलीच्या घरची जमीन जाते. काढली तर मी वर्षभर या मुलांना काय शिकवलं?

मी ओसरीवर बसून राहिले. आजीनं विचारलं, कोण आलंय. तेवढ्यात मुलगी आतून कोयता घेऊन आली आणि सरळ वर चालायला लागली. मी मागे धावले. तेच कॅनव्हासचे बूट, तेच घसरणं. या वेळी ती थांबली नाही.

"कोयता खाली ठेव," मी खालूनच ओरडले. "ठेव म्हणते ना!"

ती पहिल्या ओळीतल्या पहिल्या रोपापाशी उभी होती. तिचं स्वतःचं, ऐनाचं, गुडघ्याएवढं झालेलं. "ताई, हे झाड कोणाचं?"

"उगाच वाद घालू नकोस."

"कोणाचं, सांगा ना. तुम्हीच म्हणालत्या."

"तुझं," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते?

तिनं एका हातानं शेंडा धरला आणि जमिनीलगत वार केला. मग ते रोप छातीशी धरून ती हमसाहमशी रडायला लागली. मला तिला जवळ घ्यायचं होतं आणि एक थोबाडीतही द्यायची होती. मी दोन्ही केलं नाही. मी दगड उचलायला लागले. चुन्यानं हात पांढरे झाले.

थोड्या वेळानं बाकीची मुलं आली, मागून तिचा बापही वर आला. प्रत्येकानं आपापलं कापलं, दुसऱ्याच्याला हात लावला नाही. एकानं विचारलं, "ताई, मुळं आहेत ना आत? पावसात फुटतील ना?" मी बापाकडे पाहिलं. तो म्हणाला, "ऐन फुटतो. पर एवढं कवळं कधी कोणी तोडलं नाय. काय म्हाईत." त्यालाही माहीत नव्हतं. पुढे पावसात काही फुटले, काही नाही. जे फुटले ते मुलीनं तसेच वेडेवाकडे वाढू दिले आणि मधल्या जागेत तिच्या आईनं नागली पेरली. झाडं कापू दिली ते चूक केलं की बरोबर, मला अजून ठरवता आलेलं नाही. संस्थेच्या लोकांनी विचारलं, किती झाडं जगली, तर मी म्हटलं, या प्रश्नाचं उत्तर मला येत नाही, आणि फोन ठेवला.

शेवटी माझा मोह तेवढा राहिला. मीच कोयता मागितला. मुलांनी आपली कापल्यावर मी कुठल्या तोंडानं माझा ठेवणार? बाप मध्ये आला. "ऱ्हाऊ द्या. मोह शेतात एकलाच ऱ्हातो. तो ओळीत नाय."

पाहणीच्या दिवशी मी रजा टाकून गेले. मी बोलायचं नाही, असं स्वतःला बजावून गेले होते. साहेब हातात जीपीएसचं मोजणीयंत्र घेऊन वर आले, घामाघूम झालेले. सोबत गावातली चारपाच माणसं. बापानं आणि भावकीनं मधल्या दिवसांत खुंट सांभाळून तुकडा नांगरून ठेवला होता, ढेकळं वर आली होती. साहेब तुकड्याभोवती फिरत फिरत कोपऱ्यात आले आणि माझ्या मोहापाशी थांबले. म्हटलं, मेलं, आता हेच नडणार.

"हे काय लावलंय?"

बाप म्हणाला, "मोह हाय, साहेब."

"कोणाचा?"

मुलीनं माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे. बापानं माझ्याकडे हात केला आणि सगळ्या गावासमोर म्हणाला, "हिच्या बापाचा."

कुणी हसलं नाही. कुणी अडवलंही नाही. गावातला एक म्हातारा तर मान हलवत होता, जणू ही जुनीच गोष्ट आहे.

साहेबांनी मला वरपासून खालपर्यंत, बुटांपर्यंत, पाहिलं. "तुम्ही इथल्याच का?"

सगळं स्पष्टीकरण जिभेवर आलं. सुरगाणा, फौज, कॅम्प, द्वारका.

"हो," मी म्हटलं आणि तोंड मिटलं.

"बरं, मग इथूनच सुरू करू," साहेब म्हणाले. त्यांनी मोहाशेजारी उभं राहून यंत्राचं बटण दाबलं, तुकड्याची पहिली खूण तिथं घेतली आणि बांधाबांधानं पुढे चालायला लागले. बाप त्यांच्या मागे, मुलगी बापाच्या मागे.

मी तिथंच उभी राहिले, रडत. माझ्या वडिलांनी त्या गावात कधी पाऊलसुद्धा ठेवलं नव्हतं.